पैनगंगेतला स्पंज मुरुडला नेताना

पुण्याहून निघताना माझ्या सामानात झाकणाची एक बादली, भिंग आणि सुजाताची वही होती. सुजाता माझी एम.एस्सी.ची मैत्रीण, लातूरजवळच्या मुरुडची. गोड्या पाण्यातल्या स्पंजांवर तिचं संशोधन चालू होतं. ते अर्धंच राहिलं. गेल्या पावसाळ्यात ती कर्करोगानं गेली. नंतर तिच्या वडिलांचा फोन आला, "ती पाण्यात काय हुडकायची, ते एकदा दावशील का?" मी हो म्हणाले.

सकाळी नांदेडला उतरले आणि भोकरमार्गे एस.टी.नं इस्लापूर गाठलं. डिसेंबरचं मळभ होतं. दोन्ही बाजूंना वेचून उरलेला, मातकट पडलेला कापूस. सहस्रकुंडचा धबधबा ओसरला होता. काळ्या खडकांतून दोन-तीन धारा तेवढ्या पडत होत्या. सुजातानं वहीत नोंदलेली जागा बरीच खालच्या अंगाला निघाली. तिथं गंगाराम नावाचे भोई (नदीत मासेमारी करणारे) जाळं सोडवत बसले होते. स्पंज कसा दिसतो ते मी सांगितलं.

"ते व्हय! जाळ्याला चिकटतंय. हात नका लावू ताई, लई खाजतंय."

कमरेइतक्या पाण्यात उतरून त्यांनी एक दगड काढून आणला. त्यावर हिरवट, खरखरीत थर होता. मी हात लावलाच, आणि बोटं संध्याकाळपर्यंत चुरचुरत राहिली. काचेच्या सुयांसारखे बारीक काटे हाच या प्राण्याचा सांगाडा. त्याला तोंड नाही, पोट नाही, मज्जातंतूही नाहीत. अंगावरच्या छिद्रांतून पाणी आत ओढायचं, त्यातलं खाणं गाळून घ्यायचं आणि पाणी परत सोडून द्यायचं.

"हे जनावर हाय म्हणता?" गंगारामांना पटेना. "हलत तर न्हाई."

त्यांच्या घरी भाकरी आणि माशाचं झणझणीत कालवण खाऊन मी बादलीत नदीच्या पाण्यात बुडवलेला दगड घेऊन नांदेडला परतले.

दुसऱ्या दिवशी लातूरची बस खच्चून भरली होती. पाणी सांडेल म्हणून कंडक्टरनं बादली पुढं, इंजिनाशेजारी ठेवायला लावली. उभ्या माणसांतून मला ती दिसेना. अहमदपूरला वाट काढत पुढं गेले तर बादली कोमट लागली. झाकण उघडताच सडका वास आला, पाणी दुधाळ झालं होतं.

"मेलंय की वो काहीतरी," शेजारची बाई नाकाला पदर लावत म्हणाली.

मेलंच होतं. परत फिरायला रजा नव्हती.

तशीच मुरुडला पोचले. सुजाताचे वडील रस्त्याच्या कामावर मुकादम होते, आता घरीच असतात. "जयभीम, काका," म्हणत मी दगड बाहेर काढला. त्यांनी तो ताटात ठेवून बराच वेळ पाहिला.

"मेलं का हे?"

"हो. वाटेतच."

"पर सुजाता म्हणायची, वाळून गेलं तरी पाणी आलं की परत उगवतंय."

ती बरोबर म्हणायची. पाणी आटू लागलं की हे स्पंज मोहरीपेक्षाही बारीक बीजगोळ्या मागं ठेवतात. त्या उन्हाळा काढतात. अंगणातल्या उजेडात मी भिंग लावून सगळा थर तपासला. काका वाकून बघत होते. एकही गोळी नव्हती. पाणी आटायच्या आधीच मी त्याला उचलून आणलं होतं. आहेत म्हटलं असतं, तर त्यांना काय कळणार होतं? ते ओठांवर आलंही होतं.

"नाही, काका. यातून काही उगवणार नाही."

ते खाली बसले. "खरं बोललीस, माय. दवाखान्यात समदे म्हणायचे, बरी व्हून घरी जाईल. मलाबी तेच खरं वाटलं. लेकरासंगं शेवटचं बोलायचंच राहिलं."

मी मान वर करू शकले नाही. मीही सुजाताला फोनवर तेच म्हणाले होते. "बरी हो, मग आपण दोघी सहस्रकुंडला जाऊ." काकांना मी ते सांगून टाकलं. उठून त्यांनी माझ्या स्पंज लागलेल्या हातांवर पाणी घातलं.

लातूरहून परतीच्या गाडीत सुजाताचं फोनवरचं उत्तर आठवत राहिलं. "हो, नक्की जाऊ," ती म्हणाली होती, अगदी हसत. तेव्हा वाटलं, तिला माझं पटलं. आता कळतं, त्या दिवशी धीर तीच मला देत होती.