आतली कढई

हे मी बरीच वर्षं टाळलं. संधी आली नाही असं नाही, कितीतरी वेळा आली, आणि दर वेळी मी दुसरंच काही बोलून वेळ मारून नेली. मल्लिनाथ गेल्याचा निरोप आला तेव्हा मी दुकानात एका बाईंपुढं साड्या उलगडत होतो. त्याच्या मुलाचा फोन होता. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाला. मी फोन ठेवला आणि हातातल्या साडीची पुन्हा घडी घालू लागलो. दुःख व्हायला हवं होतं, ते नंतर झालं. पहिल्यांदा मनात आलं ते असं, की चला, आता कुणाला काही सांगायला नको... त्या विचाराची इतकी लाज वाटली की शेवटी लिहायला बसलो आहे. उमरग्यात मल्लिनाथच्या हॉटेलाबद्दल एक गोष्ट बोलली जायची. अनेकांनी ती खरी मानली. ती खोटी होती, आणि ती मी सांगितली होती.

मल्लिनाथ माझ्या गल्लीतला, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. मला अण्णा म्हणायचा. तरुणपणी हैदराबादला गेला, तिथं हॉटेलांच्या भटारखान्यात वर्षानुवर्षं राबला आणि केस पिकू लागल्यावर परत येऊन त्यानं हायवेला लागून चायनीजचं हॉटेल काढलं. पाटी रंगवणाऱ्यानं ड्रॅगन कधी पाहिलेला नव्हता. त्यानं चार पाय असलेला नागोबा काढला. पहिल्याच नागपंचमीला एका म्हातारीनं त्याला हळदकुंकू वाहिलं. मल्लिनाथनं ते वर्षभर पुसलं नाही. "राहू द्या अण्णा, आपला ड्रॅगन बी आता लिंगायत झाला," म्हणायचा. आमच्या घरांत अंड्याचा वासही चालत नाही आणि हायवेवरच्या ट्रकवाल्यांना चिकनशिवाय चालत नाही, म्हणून त्यानं दोन चुली मांडल्या. बाहेर फाटकाशी चिकनचा गाडा, त्यावर दुसरा कारागीर. आत भिंतीपलीकडं शाकाहारी चूल, तिथं तो स्वतः. आतली कढई घ्यायला तो मला सोलापूरला घेऊन गेला होता. भांड्यांच्या गल्लीत मी दहा कढया वाजवून पाहिल्या, त्यातली एक पसंत केली आणि परतीच्या एसटीत ती माझ्या मांडीवर ठेवून आणली. पांढऱ्या पायजम्यावर काळं वर्तुळ उठलं. तो डाग शेवटपर्यंत गेला नाही. हे एवढ्यासाठी सांगतो की आतली कढई वेगळी होती हे गावात कुणाला पक्कं ठाऊक असेल, तर ते मला.

हॉटेल सुरू झाल्यावर एका शनिवारी मी बायकोला, महानंदाला, घेऊन गेलो. ती पहिल्यांदाच असल्या ठिकाणी येत होती. पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन खुर्चीच्या टोकाशी बसली. मल्लिनाथ हात पुसत आला. "ऊटा आयता, अण्णा?" जेवण झालं का, हे तो कानडीत विचारायचा, अगदी जेवायला आलेल्या माणसालाही. मग तिच्याकडं वळून म्हणाला, "वहिनी, तुम्हाला काय आवडतं?"

"तिला काहीबी चालतं," मी म्हणालो.

"तुम्हाला न्हाय विचारलं, अण्णा. तुमचं मला ठाऊक हाय. वहिनी सांगतील."

महानंदा हसली. माझ्याकडं पाहिलं, मग टेबलाकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आंबट."

मी चकित झालो. माझ्या पोटाच्या तक्रारीमुळं आमच्या घरात चिंच येत नव्हती. लग्नानंतर कधीतरी मी तसं सांगितलं असेल आणि ते तसंच राहिलं. तिनं कधी मागितली नाही, मी कधी विचारलं नाही. मल्लिनाथनं तिच्यासाठी नूडल्स केल्या, लिंबू पिळून, व्हिनेगर घालून, तिखट बेताचं. त्या लांबलचक शेवया तिला काट्यावर पेलेनात, हनुवटीवर लोंबू लागल्या, आणि ती हसायला लागली. तोंडावर हात ठेवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मल्लिनाथ म्हणाला, "वहिनी, हातानं खावा. चीनमधनं कोण बघायला येतंय?" ती आणखी हसली. मी माझ्या भाताकडं पाहत राहिलो. इतक्या वर्षांच्या संसारात ती माझ्यासमोर अशी हसल्याचं मला आठवेना.

त्यानंतर शुक्रवारपासूनच तिला शनिवारची चाहूल लागायची. शनिवारी ती कपाटातली चांगली साडी काढायची. माझ्याच दुकानातली, मीच आणलेली साडी, आणि ती नेसून ती त्याच्या हातचं खायला निघायची. यात वावगं काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तो तिला वहिनी म्हणायचा आणि वहिनीसारखंच वागवायचा. गावातल्या निम्म्या घरांची आवड त्याला तशीच पाठ होती, कुणाच्या पोराला गाजर नको, कुणाच्या सासूला मऊ हवं. मला तेच सहन होत नव्हतं. ज्या माणसानं तिला एकदा विचारलं त्याला उत्तर मिळालं, आणि मी जन्मभर न विचारता बसलो होतो. रात्री ती झोपल्यावरही मला ते एका शब्दाचं उत्तर ऐकू यायचं. आंबट.

मग एका नातेवाइकाकडं बारशाची पंगत होती. वाढता वाढता कुणीतरी महानंदाची थट्टा केली, "अण्णा, काकूंना आता तुमच्या घरचं गोड लागंना, मल्लूच्या आंबटाची चटक लागली." सगळे हसले. ती पलीकडच्या पंगतीत होती, तीही हसली. मी भात कालवत होतो. मान वर न करता म्हणालो, "तिथलं खाणं जपूनच बरं. गर्दी झाली की बाहेरची कढई आत येते. मी डोळ्यांनी पाहिलंय." आवाज चढवला नाही. शेजारचा माणूस जेवायचा थांबला. मल्लिनाथचा सगळ्यांत जवळचा माणूस मी, माझ्या बोलण्यावर शंका कोण घेणार? घरी जाताना महानंदानं विचारलं, "खरंच पाहिलंत?" मी म्हणालो, "व्हय." तिनं दोन्ही हातांनी कान धरले आणि गळ्यातल्या लिंगाला हात लावला. पुन्हा ती तिथं गेली नाही, मीही नाही.

हळूहळू घरंच्या घरं जायची थांबली. आतल्या खोलीतले, घरच्या मंडळींसाठी पडदे लावलेले कप्पे रिकामे राहू लागले. मल्लिनाथ एके दुपारी दुकानात आला. मी पुढं केलेलं पाणी घेतलं, पण प्याला हातातच ठेवून बोलत राहिला. "अण्णा, कुणीतरी लई वाईट उठवलंय. मी शपथा घिऊन दमलो, कुणी ऐकंना. तुम्ही एकदा चारचौघांत सांगा. ती कढई तुमच्या मांडीवरनं आलीया." मी गाठोड्याची गाठ सोडत होतो. सुटत नसल्यासारखं करत राहिलो. म्हणालो, "बघू. लोक विसरतील." त्यानं प्याला तसाच भरलेला खाली ठेवला. "बरं," म्हणाला. त्यानंतर त्यानं हा विषय माझ्याकडं कधी काढला नाही. त्याला कळलं होतं का? मला आजही सांगता येत नाही. रस्त्यात भेटला की ऊटा आयता विचारायचाच. हॉटेल चाललं ते बाहेरच्या गाड्यावर, ट्रकवाल्यांच्या जिवावर. आतली चूल मात्र तो रोज पेटवायचा.

त्याच्या मातीला बाजार बंद ठेवून माणसं आली. ज्यांनी त्याच्याकडं खाणं सोडलं होतं तेही आले. खरं सांगतो, तिथं उभा असतानाही माझ्या मनात आलं, माझ्यामागं इतकी माणसं येतील का?

भेटायला म्हणून महानंदा आणि मी त्याच्या घरी गेलो. घर हॉटेलाच्या मागंच आहे. जाता जाता ती आतल्या चुलीपाशी थांबली. भिंतीला कढई टांगलेली होती, घासून लख्ख. तिनं त्याच्या सुनेला विचारलं, "ही आतली का?"

"व्हय काकू. मामंजी हिला बाहेरचा वारा बी लागू देत नव्हते. घासायचे बी सोताच."

महानंदानं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. तिला तेवढं पुरलं. घरी आल्यावर शेजारून चिंच मागून आणली, भिजत घातली, आणि त्या रात्रीची आमटी दात आंबतील इतकी आंबट होती. मी ती भातावर घेऊन संपवली. गेल्या शनिवारी तिनं चांगली साडी काढली आणि एकटी त्याच्या हॉटेलात जाऊन आली. सुनेनं करून वाढलं म्हणे. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून, माणूस मातीत गेला तरी, मला पुन्हा तेच सहन झालं नाही.

मल्लिनाथला मी शेवटचं भेटलो ते तो जाण्याआधी काही आठवडे. धुरानं छाती भरली होती, डॉक्टरांनी चुलीपाशी उभं राहायला मनाई केली होती. त्या संध्याकाळी मी ठरवून गेलो. वाटेत वाक्य जुळवलं होतं, "मल्लू, ते मीच बोललो होतो. माझं चुकलं." इतक्या वर्षांनी मला दारात पाहून तो गल्ल्यावरून उठला. रस्त्याकडच्या टेबलावर फडकं मारलं, खुर्ची ओढून दिली.

"बसा, अण्णा. ऊटा आयता?"

"न्हाय."

"मग आज मी करतो. आतलं करतो. डॉक्टरला सांगू नका." तो खुर्चीच्या पाठीवर हात टेकून दम घेत होता. डोळे मात्र उजळले होते. "काय आणू?"

रस्त्यावरून ओळखीची माणसं जात होती. मी त्या टेबलावर बसून दोन घास खाल्ले असते तरी गावाला सगळं कळलं असतं. वाक्य म्हणायचीही गरज पडली नसती. मी रस्त्याकडं पाहिलं.

"काही नको," मी म्हणालो. "चहा सांग."

त्याच्याकडं चहा मिळत नव्हता. त्यानं समोरच्या टपरीला हाक मारून एक कप मागवला आणि मी तो पिऊन होईपर्यंत माझ्यासमोर बसून राहिला.