देवसिंगने सुधारलेली बंदूक

देवसिंग आडेला मी पोरवयापासून ओळखतो. एवढ्या वर्षांत त्याने एक बोल्ट बरोबर कसलेला मी पाहिला नाही. एक तर तो कसायचा राहून जायचा, नाही तर मुंडी तुटेपर्यंत कसलेला असायचा.

बाभुळगावजवळच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये तो फिटर होता आणि मी प्रेसवर गठाणी बांधायचो. जिनिंगमधली यंत्रं दिवसभर थरथरतात. नटबोल्ट ढिले होतात, म्हणून फिटरने फेरी मारून ते पाहायचे असतात. देवसिंगला त्या कामातलं एवढंच कळलं की कसायचं. पान्याला पाइप लावून, पाय भिंतीला रेटून, दातओठ खाऊन कसायचं. किती, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही. पट्ट्याला एवढा ताण द्यायचा की बेअरिंग तापायचं. एका हंगामात रुईने पेट घेतला तो त्याच्याच बेअरिंगपायी. पहिली बादली त्यानेच ओतली आणि मालकाच्या हातून सत्काराचा नारळही त्यानेच घेतला.

घाम मात्र खरा असायचा. लोकांना घाम दिसतो. लोक म्हणायचे, देवसिंग जीव तोडून काम करते. बोल्ट किती तुटले ते स्टोअरवाल्याला विचारायला हवं होतं.

आम्ही दोघं निवृत्त झालो. मी निवांत बसलो. तो बसला नाही, आणि तिथूनच बंदुकीची गोष्ट सुरू होते.

त्याची मुलगी बबिता यवतमाळला कॉलेजात शिकते. तिथे सुमेधाताई एका लांब पत्र्याच्या शेडमध्ये पोरांना एअर रायफल शिकवतात. वकिलांच्या घरातली बाई, स्वतः पूर्वी खेळलेली. दहा मीटरवर कागदाचं टार्गेट, मधोमध टिकलीएवढा ठिपका. बबिताचं तिथे जमलं, कारण तिला उभं राहता येतं. ऐकायला सोपं वाटतं. कोणालाही उभं करून बघा, श्वास दहा वेळा घेतल्यावर डोलायला लागतो. ही पोरगी उभी राहिली की विजेच्या खांबासारखी उभी राहते.

देवसिंगने आपल्या ग्रॅच्युइटीतून तिला जुनी पण चांगली बंदूक घेऊन दिली. हे त्याच्या बाजूने लिहायलाच हवं. त्यांच्या बंजारा तांड्यात पोरीसाठी असा खर्च करणारा दुसरा बाप नव्हता.

ही बंदूक जत्रेतल्या बंदुकीसारखी मोडून ताणायची नसते. नळीच्या खाली एक जाड नळा असतो, त्यात आधीच हवा दाबून भरून ठेवतात. प्रत्येक छर्ऱ्याला त्यातली चिमूटभर हवा सुटते. हवा किती आहे ते दाखवायला घड्याळासारखा काटा असतो. हिरव्या पट्ट्यात काटा ठेवायचा, लाल पट्ट्यात जाऊ द्यायचा नाही. वरची नळी मागच्या बाजूला पकडलेली असते आणि पुढे मोकळी असते. मुद्दाम मोकळी. हवा कमीजास्त झाली की खालचा नळा केसभर ताणतो, सैलावतो. नळी त्याला बांधलेली असली तर तीही सरकते आणि नेम जातो.

सुमेधाताईंनी बबिताकडून पहिल्याच महिन्यात बंदूक लावून घेतली होती. बंदूक टेबलावर टेकवायची, छर्रे मारायचे, भोकं एका जागी पडतात का बघायचं. मग एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा मारायचे. वेगवेगळ्या डब्यांतले छर्रे मारून बघायचे, कारण प्रत्येक नळीला एखादाच छर्रा मानवतो. मागचा लाकडी बट खांद्याला आणि गालाला बसेल एवढा सरकवायचा. या कामात घाम येत नाही, मान दुखते. पोरीने ते मान दुखेपर्यंत केलं. भोकावर भोक पडू लागलं. काम तिथेच संपलं होतं.

मग देवसिंगने मोबाइलवर व्हिडिओ पाहिले.

मी एका सकाळी तांड्यावर चहाला गेलो तर बंदूक खाटेवर उघडी पडलेली. शेजारी पाने, कानस, पंपाच्या पाइपचे क्लॅम्प.

"उकंडा, हे पाह्य. नळी हालते समोरून," देवसिंग मला म्हणाला.

"हालू दे. बनवणाऱ्याले समजत नसन काय?"

"बनवणारा काय आपल्या घरी येऊन बंदूक चालवते? ढिलं ते ढिलंच. जिनिंगमध्ये असं ठेवलं असतं तर मशीन छतावर गेलं असतं."

"हे मशीन नोहे बे."

"तू गठाणी बांध," तो म्हणाला आणि क्लॅम्प घेऊन नळी खालच्या नळ्याला आवळून टाकली. पान्याला पाइप लावला होता. सवय.

त्याची बायको सुखीबाई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "न्हाणीचा पत्रा दिवाळीपासून लोंबते, त्याचा खिळा दिसत नाई याले. बंदुकीची नळी बरी दिसते."

त्यानंतर त्याने बटाचा स्क्रू आवळला. लाकूड तडकलं. तडकलेल्या जागी चिकटणारा मसाला भरला, वर लोखंडी पट्टी ठोकली. पट्टीने वजन वाढलं, तर म्हणाला, वजन चांगलं असते, हात स्थिर राहते. ट्रिगर हलका आहे म्हणून आत जाड स्प्रिंग टाकली. आता छर्रा सोडायला बोट एवढं ओढावं लागे की अख्खी बंदूक उजवीकडे यायची. हवा भरताना काटा लाल पट्ट्यात नेऊन ठेवी. मी म्हटलं, फुटलं तर हात जाईल. तो म्हणाला, "जास्त हवा म्हणजे जास्त जोर."

तेही चूक. हवा प्रमाणाबाहेर भरली की आतली झडप त्या दाबानेच चिकटून बसते, नीट उघडत नाही. छर्रा हळू जातो आणि खाली बसतो. हे बबिताने त्याला सांगितलं. सुमेधाताईंनीही फोनवर सांगितलं. त्याने फोन कानापासून लांब धरला होता.

एवढं करून त्याने तपासलं कसं? बांधावर उभा राहून पपईच्या झाडाला तीन छर्रे मारले. तिन्ही झाडाला लागले. "पाह्य," तो म्हणाला. पपईचं खोड केवढं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. टेबलावर टेकवून कागदावर मारून बघ म्हटलं, तर म्हणाला, "ते बायकी काम हाय." एकेक गोष्ट बदलून बघणं त्याला कामच वाटत नव्हतं. पाच गोष्टी एकदम बदलायच्या, घाम पुसायचा आणि चहा मागायचा.

बबिता बोलली नाही असं नाही.

"बा, खोलू नोका आता. माही बंदूक चांगली लागत होती."

"चांगली होती, आता अजून चांगली करून राह्यलो. तुह्यासाठीच तं करून राह्यलो ना बाई."

ती पहिल्या एसटीने यवतमाळला जायची आणि सुमेधाताईंच्या क्लबच्या बंदुकीवर सराव करायची, कारण स्वतःची कधी जोडलेली सापडतच नव्हती. क्लबची बंदूक जुनी. गालाखालची गादी फाटलेली, रंग उडालेला, कित्येक पोरांनी हाताळलेली. पण ती कोणी सुधारायला गेलेलं नव्हतं.

मार्चमध्ये विद्यापीठाच्या संघाची निवड होती. बबिताचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. संघात आली तर पुढच्या स्पर्धा, पुढचं खेळणं. नाही आली तर कॉलेज संपलं, क्लब संपला, घरी बसून लग्नाचे पाहुणे बघायचे. हे तिने मला एसटी स्टँडवर उभ्याउभ्या सांगितलं होतं, रडबिड न करता, वेळापत्रक सांगावं तसं.

चाचणीला देवसिंग मला ओढून घेऊन गेला. बंदूक सुखीबाईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून स्वतःच्या मांडीवर ठेवली होती. आदल्या रात्रीच पुन्हा सगळं कसलं, असं त्याने बाभुळगाव ते यवतमाळ शेजारच्या प्रवाशाला सांगितलं. प्रवासी उतरून गेला, तर कंडक्टरला सांगितलं.

चाचणी सुमेधाताईंच्याच शेडमध्ये होती; पोरंपोरी ओळीने उभी होती. खरे छर्रे मोजायच्या आधी सरावाचे मारायला थोडा वेळ देतात, त्यात नेम लावून घ्यायचा. देवसिंगने बंदूक पोरीच्या हातात दिली आणि बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीच्या मागे छाती काढून उभा राहिला.

पहिला छर्रा ठिपक्याच्या बराच खाली. दुसराही खाली. तिने मागचं नेमाचं चाक फिरवलं. तिसरा थोडा वर आला, चौथा त्याहून वर, पाचवा ठिपक्याच्या डोक्यावरून गेला आणि सहावा उजवीकडे. ती चाक फिरवत होती, पण ज्याच्यामागे फिरवायचं ते एका जागी थांबतच नव्हतं. हवा कमी होईल तसा नेम चढत होता, आणि आवळलेली नळी त्याला बाजूला ओढत होती.

"हाताले कंप हाय तिच्या," देवसिंग माझ्या कानात म्हणाला. "घाबरली."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो खरंच तसं मानत होता. मला त्या वेळी त्याचा जेवढा राग आला तेवढा जिनिंग पेटली तेव्हाही आला नव्हता.

बबिताने बंदूक खाली ठेवली. हळूच ठेवली, आपटली नाही. मागे वळून सुमेधाताईंना म्हणाली, "मॅडम, मले क्लबची द्या."

"वेळ थांबणार नाही," सुमेधाताई म्हणाल्या.

"माहीत हाय."

देवसिंग दोरी ओलांडून पुढे आला. "काहून? हे काय झालं हिले? लोक पाहून राह्यले, बबिता."

"लोक टार्गेट पाहून राह्यले, बा."

क्लबची बंदूक आली. तिच्यात हवा जेमतेम होती. हवा भरायचं मोठं सिलिंडर सकाळपासून बाकीच्या पोरांनी रिकामं केलेलं. उरला हातपंप. सायकलच्या पंपासारखाच, पण थोडं भरलं की दांडा खाली जात नाही, अंगाचं सगळं वजन टाकावं लागतं. बबिताने तो मारला असता तर नंतर हात थरथरले असते आणि उभं राहणं गेलं असतं. तिने पंपाकडे पाहिलं, मग बापाकडे.

"बा, हवा भरा. मी बस म्हणन तिथं थांबायचं."

देवसिंग पंपावर तुटून पडला. हे काम त्याचंच होतं. गुडघे वाकवून, पोट दांड्यावर टाकून, तोंडातून जिनिंगच्या मोटारीसारखा आवाज काढत त्याने पंप मारला. काटा चढू लागला. ती बंदुकीशेजारी बसून काट्याकडे बघत होती.

"बस."

"अजून थोडी मारतो, कमी नोको पडाले…"

"बस म्हटलं ना, बा!"

त्याने हात वर केले, पोलिसाने थांबवल्यासारखे. काटा हिरव्या पट्ट्यात होता. आयुष्यात पहिल्यांदा देवसिंग सांगितल्या जागी थांबला, आणि तेही पोरीने पंपाची नळी काढून घेतली म्हणून. तेवढं काम मात्र त्याने चोख केलं. मी ते नाकारत नाही.

सरावाला तिला दोनच छर्रे मिळाले. मग मोजणी सुरू झाली. सुरुवातीचे काही बाहेरच्या गोलात गेले. उशीर झाल्याने श्वास वर होता. नंतर ती थांबली. बंदूक खाली घेतली, डोळे मिटले, बाकीची पोरं धडाधड मारत असताना नुसती उभी राहिली. देवसिंग चुळबुळत होता. "झोपली का काय?" मी त्याचा दंड धरून ठेवला. ती परत बंदूक खांद्याला लावून उभी राहिली आणि मग शेवटपर्यंत ठिपक्याच्या बाहेर फारसं काही गेलं नाही.

दुपारी नावं वाचली. सगळ्यात शेवटचं नाव बबिताचं होतं. शेवटचं म्हणजे काठावरचं. सरावाचा अख्खा वेळ हातात असता तर वरचं असतं. सुमेधाताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि स्पर्धेपर्यंत क्लबची बंदूक घरी न्यायला दिली. पिशवीत घालून देताना त्या देवसिंगकडे बघून म्हणाल्या, "दादा, हिला कोणी हात लावायचा नाही."

"छे छे," देवसिंग म्हणाला. "मी कायले लावतो?"

परतीच्या एसटीत त्याला बोलायला फार होतं. पंप कसा मारला ते तो ड्रायव्हरला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगत होता. लुगड्यातली बंदूक त्याने वर सामानाच्या जागी टाकून दिली होती. निम्म्या रस्त्यात तो दमला. मग माझ्याकडे वाकला.

"उकंडा, त्या क्लबच्या बंदुकीची गादी पाह्यली का? फाटली हाय पुरी. अन् बट बी जरा हालते."

"देवसिंग," मी म्हटलं, "हात खिशात ठेव."

"हात कुठं लावून राह्यलो? नुसतं म्हणून राह्यलो. दोन स्क्रू तं हायेत."

बबिता आमच्या पुढच्या सीटवर होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. पिशवी आपल्या डाव्या बाजूला, खिडकीच्या आणि स्वतःच्या मध्ये घेतली, पट्टा मनगटाला दोन वेढे गुंडाळला आणि सीटवर अशी बसली की बापाला मध्ये हात घालायला जागाच उरली नाही.