मिरचीवरचा बोकड्या आणि काकूची नजर

दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून इथं लिहून राह्यली.

भाची कॉलेजात झाडांचे रोग शिकते. आज जेवताना म्हणाली, "मावशी, मिरचीचं पान आकसते ते विषाणूतल्या एका जनुकामुळं. ते जनुक काढलं तर विषाणू आत असूनही पान चांगलं दिसते."

नव्वदच्या सुमारास आमच्या गावी, गुडीहत्नूरला, आमच्या मिरचीवर असाच पानं आकसायचा रोग, बोकड्या, आला होता. सारी पानं चुरडली. शेजारच्या काकूची मिरची मात्र हिरवीगार. आई चारचौघांत बोलली, "हिचीच नजर लागली!" तेव्हापासून काकू आमच्या घरी आली नाही.

आज मी काकूला फोन करून सगळं सांगितलं, की तो विषाणू होता, तुही नजर नव्हती. ती म्हणाली, "मले काऊन सांगतं बाई? तुह्या मायले सांग."

आई बाजूच्या खोलीत बसली आहे. मी अजून तिला सांगायला उठली नाही. तुमी सांगितलं असतं का?