अष्टमीला काढलेली होडी

नोकरीला लागलो तेव्हा साहेबांनी विचारलं होतं, वडील काय करतात. मी म्हणालो, शिपिंगमध्ये आहेत. माझ्या वडिलांची स्वतःची होडी होती, मशीन बसवलेली, आणि ऐरोलीच्या खाडीत ते तीस वर्षं मासे मारत होते. साहेबांच्या डोळ्यांसमोर पांढरा गणवेश आला असणार. मी तो येऊ दिला. कोळीवाड्यातला टेबलखुर्चीवर बसणारा मी पहिलाच, आणि अजून कायम व्हायचा होतो.

नव्वदीतली गोष्ट. नव्या सोसायट्या भराभर उठत होत्या आणि त्यातल्याच एकीत साहेबांनी फ्लॅट घेतला. त्यांच्या बाल्कनीतून खाडी दिसायची. मॅडमच्या मनात आलं की बोटीतून जाऊन पक्षी बघायचे. साहेबांनी मला विचारलं, "तुमच्या गावात कोणी बोटवाला आहे का रे?"

"आहे एक जण," मी म्हणालो.

घरी वडिलांनी बोटांवर तिथी मोजल्या. "या रविवारी अष्टमी हाय. दुपारला खाडीन पानी नसतं. पुढल्या रविवारी आवस, तवा दुपारची भरती. तवा ने त्यांना." मी साहेबांना तसं सांगितलं, तर मॅडमचा निरोप आला, अमावास्येला कोणी सहलीला जातं का? झालं. ज्या दिवशी आमचं पाणी भरतं तो त्यांचा वाईट दिवस. मी घरी येऊन वडिलांनाच पटवलं की अष्टमीलाच जाऊ. "मग सकाळी आठला निगायचं. धाच्या आत माघारी," ते म्हणाले.

आदल्या दिवशी मी होडी फिनेलने धुतली. जाळी उतरवली. चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या मावेनात म्हणून लांब बांबूही काठावर ठेवला. वडील बघत होते. शेवटी मी त्यांना म्हणालो, "बाबा, त्यांच्यासमोर जास्त बोलू नका." त्यांनी का म्हणून विचारलं नाही. त्यांना कळलं नसेल असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

साहेब, मॅडम आणि त्यांची मुलगी आले ते दहाला. नाश्ता राहिला होता म्हणे. वडिलांनी पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी नजर फिरवली आणि मॅडमना हात देऊन चढवलं.

अर्धा तास झकास गेला. मग मशीनचा आवाज जड झाला, धूर आला आणि ते बंद पडलं. पाणी इतकं उतरलं होतं की मशीन थंड ठेवणाऱ्या नळीत चिखल आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या गेल्या होत्या. वडिलांनी नळी सोडवली, तोंडाने फुंकून साफ केली, काळं पाणी थुंकलं, हँडल मारलं. मशीन चालू झालं आणि शंभर हात जाऊन पुन्हा बसलं. तिसऱ्या वेळी ते चालू होण्याआधी होडीच चिखलात टेकली.

बांबू असता तर त्यांनी होडी रेटून खोल पाण्यात नेली असती. त्यांनी बांबूचं नावही काढलं नाही. अंगातला सदरा काढला आणि उतरले. मांड्यांपर्यंत चिखल. खांदा लावून रेटू लागले.

"अरे, मशीन नीट ठेवता येत नाही तर लोकांना बसवतोस कशाला?" साहेब ओरडले. "लहान मुलगी आहे सोबत!"

"चुकलं साहेब," वडील म्हणाले.

मॅडम मला म्हणाल्या, "त्याला सांगा ना, चिखल उडतोय."

माझ्या पायात नवे बूट होते. माझं वय चोवीस, त्यांचं छप्पन्न. ते रेटत होते आणि मी खुर्चीत बसून होतो, कारण उतरलो असतो तर साहेबांनी विचारलं असतं, तू कशाला उतरतोस? आणि त्याला माझ्याकडे एकच उत्तर होतं. ते उत्तर मला द्यायचं नव्हतं. भित्रा होतो, दुसरं काही नाही.

होडी हलली नाही. भरती चढेपर्यंत तीन तास आम्ही उन्हात बसलो. साहेबांनी तोंड फिरवलं होतं. वडील होडीच्या टोकाला आमच्याकडे पाठ करून बसले, अंगावरचा चिखल वाळून पांढरा पडला. मॅडमनी डबा उघडला, साहेबांना आणि मुलीला पुऱ्या दिल्या. मलाही दिल्या. मी खाल्ल्या.

पाणी भरल्यावर मशीन साफ करून ते आम्हाला काठाला घेऊन आले. हात देऊन एकेकाला उतरवलं. शेवटी मी. मलाही त्यांनी तसाच हात दिला.

"तुमीपन जपून साहेब, पाय घसरंल," ते म्हणाले.

आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. मी सांगितलेलं काम ते शेवटपर्यंत नीट करत होते. त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

घरी आईने उशीर का झाला म्हणून विचारलं. "मशीन तापलं," एवढंच ते बोलले आणि आंघोळीला गेले.

सोमवारी ऑफिसात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तो तुझा बोटवाला अगदीच बिनकामाचा आहे रे. परत बोलावू नकोस त्याला."

"नाही बोलावणार, सर," मी म्हणालो.