चिवड्यात मीठ कमी

चिवड्याच्या फोडणीत कढीपत्ता तडतडला, की मला आमची आत्या आठवते. भाऊबीजेला ती देऊळघाटला आमच्याकडे यायची आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी चिवड्याचा घास तोंडात टाकायची. "औंदा बी मीठ कमीच वो, वहिनी!" आई हसायची, पण चुलीत लाकूड जरा जोरातच सारायची. आईच्या वाटचा राग मग मी करायची.

एका वर्षी आम्ही आत्याला एसटीत बसवून दिलं. गाडी हलायच्या आतच तिने आईने दिलेला डबा मांडीवर उघडला आणि मुठीमुठीने चिवडा खायला लागली. डोळे मिटलेले, ओठांना हळद लागलेली. मी चिडून आईकडे पाहिलं, तर ती पदराआड हसत होती. "खाऊ दे तिले," ती म्हणाली, "सासरी तिले कोन करून देते?"

यंदा भावाच्या घरी मी पहिला घास घेतला आणि तोंडातून निघूनच गेलं, "मीठ कमी पडलं वो, वहिनी." वहिनीने हातातली कढई जरा जोरातच खाली ठेवली. निघताना मात्र तिने माझ्या पिशवीत सगळ्यात मोठा डबा ठेवला.

गाडी सुटेपर्यंतही मला दम धरवला नाही.