डोर्सिलाच्या टोपलीतली डबी

आमच्या सरोवराकाठी सासू जावयासमोर जेवतसुद्धा नाही. मग तपासणीसाठी शौचाची डबी त्याच्या हाती कशी द्यायची? पिलिस्टा अवुओरपुढे हाच पेच होता. गुडघाभर पाण्यात उभं राहून बारीक मासळी धुण्यात तिचा जन्म गेला. गोगलगायींमधून पाण्यात उतरणारे कृमी तिथेच कातडीतून आत शिरतात. हल्ली तिचं पोट फुगत चाललं होतं. डबीत कृमींची अंडी सापडली, तर गोळ्या मिळणार होत्या. पण दवाखान्यासाठी डब्या गोळा करत दारोदार हिंडत होता तिचाच जावई, ओडेरो.

"दे इकडे," डोर्सिला म्हणाली. ती बाजारात मासळी विकायची. शाळेत मी या दोघींना एका बाकावर बसवलं होतं, तेव्हापासूनची मैत्री. "मी देते नेऊन. माझा कुठे तो जावई?"

निकाल आला, अंडी नाहीत. दोघी अंगणात नाचल्या. "जाडी झालीस गं, दुसरं काय!" डोर्सिला म्हणाली.

वर्ष सरायच्या आत पिलिस्टाला रक्ताची उलटी झाली. इस्पितळात पुन्हा तपासणी झाली. अंडीच अंडी. डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांनी कृमी मरतील. पण यकृत कडक झालंय, ते आता पूर्वीसारखं व्हायचं नाही. लवकर यायला हवं होतं."

ओडेरो दाराबाहेर पाठ करून उभा होता. "आई, तुमची डबी मीच पोचवली होती. त्यात अंडी निघाली नव्हती."

पिलिस्टाने खाटेशी बसलेल्या डोर्सिलाकडे पाहिलं. संत्रं सोलणारी तिची बोटं थांबली होती.

"टोपलीत सांडली गं, मासळीवर. सगळं सरोवरात धुतलं. रिकामी डबी कशी द्यायची? मग माझीच भरून दिली."

"आणि नाचलीस?"

"तू इतकी खूश होतीस..."

"म्हणजे तुझं पोट ठणठणीत आहे. बरं झालं. संत्रं तूच खा."

पुढच्या तपासणीला पिलिस्टाने कुंपणाजवळच्या दगडावर डबी ठेवली आणि पाठ फिरवली. ओडेरोने मान खाली घालून ती उचलली.

"मिळाली, आई."

"झाकण घट्ट आहे का बघ."

तेवढ्यात रस्त्याने डोर्सिला टोपली घेऊन आली. "पिली! अगं पिली!"

ओडेरो निघून गेला, तरी पिलिस्टा पाठमोरीच उभी होती.