यँकचं घर

कोल्हापूरहून निघाले त्या दिवशी बाबांनी माझी बॅग गाडीत ठेवली आणि डिकी लावायचीच विसरले. आईने येऊन ती आपटून लावली आणि म्हणाली, "दोन वर्षं म्हणजे काय गं, बघता बघता जातील." मी नुकतीच भूलतज्ज्ञ झाले होते. आयर्लंडमध्ये अनुभव घ्यायचा, परीक्षा द्यायची आणि परतायचं, एवढंच ठरलं होतं. मग बाबा गेले. लेक इथेच कासलबारला जन्मली, शाळेत जाऊ लागली. मी इथल्या लोकांसारखी कपाटाला प्रेस म्हणायला लागले. एकदा फोनवर म्हटलं, "थांब, डबा प्रेसमध्ये ठेवते," तर आई म्हणाली, "डब्याला इस्त्री करतीस होय?"

गावाबाहेर आम्ही एक दगडी घर घेतलं. लोक त्याला यँकचं घर म्हणतात. का, ते शेजारच्या ब्रीडाने सांगितलं. ब्रीडाने ऐंशी पार केली आहे. तिच्या आजोबांच्या धाकट्या भावाने, मार्टिनने, ते बांधलं होतं.

मार्टिन विशीत अमेरिकेला गेला. त्या काळी कुणी निघालं की आदल्या दिवशी शेजारी जमत, नाचत, गात आणि शेवटी मयताला बसल्यासारखे रडत. गेलेला माणूस सहसा पुन्हा दिसत नसे. तिकडे तो आधी तांब्याच्या खाणीत राबला. मग कॅनडात पार उत्तरेला सोनं सापडल्याची बातमी आली, आणि पहिल्या लोंढ्याबरोबर तोही निघाला. वर्षभराची शिधासामग्री पाठीवर वाहायची, त्यासाठी बर्फाचा तोच घाट पुन्हा पुन्हा चढायचा. तिथली जमीन गोठलेली. शेकोटी पेटवून ती मऊ करायची, हातभर खणायचं, पुन्हा शेकोटी. बरोबरचा मित्र पहिल्याच हिवाळ्यात तापाने गेला. मार्टिनला सोनं मिळालं. फार नाही, पण आईला गवताच्या छपराखालून बाहेर काढण्याइतकं.

तो परत आला तेव्हा आई केव्हाच गेली होती. तिकडे तो सारखा तळ हलवायचा, त्यामुळे त्याला निरोप पोचलाच नव्हता.

"तरी घर बांधलंच त्याने," ब्रीडा म्हणाली. "माझी आजी विचारायची, आता कुणासाठी बांधतोस? तो पुढचा दगड रचायचा. एक हिवाळा राहिला. लोक त्याला यँक, म्हणजे अमेरिकन, म्हणायचे, त्याच्या बोलण्याची नक्कल करायचे. थंडी सरली तसा निघून गेला."

"मग?"

"मग काही नाही. तिकडेच वारला. कुठे पुरलं, तेही आम्हाला ठाऊक नाही."

त्या उन्हाळ्यात मी कोल्हापूरला गेले ते मनाशी काही ठरवून. आईने दार उघडलं, लेकीला जवळ घेतलं आणि मला विचारलं, "परतीचं तिकीट कधीचं?"

"नाहीच गेले परत तर?"

आई हसली. "हिला पाणी उकळून लागतंय. आता तुलाही लागतंय."

खरंच होतं ते. मी एका हॉस्पिटलात नोकरीचं बोलून आले, लेकीसाठी दोन शाळा बघून आले. आजीने काहीही विचारलं की लेक मान डोलवून "इट्स ग्रँड, आजी", म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणायची आणि खोलीत जाऊन बसायची. शेजारच्या काकू, ज्यांच्या ओट्यावर मी लहानपणी जेवलेय, त्या माझ्यासाठी पदराने खुर्ची पुसायला लागल्या. बसवेना मला तिच्यावर. शाळेच्या प्रवेशाचं मी पुन्हा कुणाला विचारलं नाही, आणि आईनेही तो विषय काढला नाही.

निघताना मी तिच्या पाया पडले आणि सवयीने बोलून गेले, "घरी पोचले की फोन करते."

'घरी' हा शब्द तोंडातून गेला आणि मग माझ्या लक्षात आलं. आईने ऐकला होता. तिने माझी ओढणी सारखी केली.

"कर," ती म्हणाली. "घरी नीट पोच."

माझं घर कुठलं हे मला उमगायच्या आधीच तिने ते मान्य करून टाकलं होतं. तिने थोडं तरी भांडायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.